न काढलेली पॉलिसी

जून २०२५ च्या अखेरीस पीथमपूरच्या भट्टीत भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा उरलासुरला कचरा जळून संपला. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरांतून, पोलिसांच्या बंदोबस्तात, हा ३३७ टन कचरा भोपाळहून निघाला आणि अडीचशे किलोमीटरचा रस्ता कापून पहाटे धार जिल्ह्यात पोहोचला. ३ जानेवारीला पीथमपूर बंद झाले, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, दोन माणसे भाजली. पुढे हायकोर्टाच्या देखरेखीखाली दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या, धूर मर्यादेत असल्याचे सरकारने कोर्टाला सांगितले आणि राहिलेला ३०७ टन कचरा मे-जून महिन्यांत जाळला गेला. चुन्यासारखे पदार्थ मिसळून जाळल्यामुळे राख मूळ कचऱ्यापेक्षा कितीतरी अधिक भरली. त्या राखेचे काय करायचे, हा वाद पुन्हा कोर्टात गेला.

आपल्या समाजाच्या बैठकीतही या विषयावर बराच कडाका उडाला होता. पीथमपूरच्या कारखान्यांत आपली शंभरेक घरे तरी रोजीरोटीला जातात. कोणी म्हणाले, इंदूरच्या उंबरठ्यावर विष आणून टाकले. कोणी म्हणाले, भोपाळकरांनी चाळीस वर्षे ते उशाशी घेऊन झोप काढली, आपण सहा महिन्यांत एवढे का घाबरावे? दोघांचेही खरे आहे. धुरात काय होते आणि किती होते, हे सांगण्याची आमची पात्रता नाही. आम्ही बी. कॉम. झालेले, बावीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून. धुराचे शास्त्र आम्हांला कळत नाही, पण कागदाचे थोडेफार कळते. आणि भोपाळची कहाणी जितकी वायूची आहे, तितकीच ती कागदाची आहे, असे आमचे ठाम मत झाले आहे. त्यातला एक कागद तर असा आहे की जो कधी तयारच झाला नाही. त्या कागदाबद्दल आज लिहायचे आहे.

आधी थोडी उजळणी करू, कारण आजच्या तरुण वाचकांना १९८४ म्हणजे पुस्तकातली सनावळी वाटते. २ डिसेंबरची मध्यरात्र उलटता उलटता कीटकनाशकांच्या कारखान्यातील टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. कारखाना युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडचा, आणि त्या कंपनीचे ५०.९ टक्के शेअर अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनचे. हजारो माणसे मेली, लाखो आजारी पडली. १९८५ साली संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा हक्क केंद्र सरकारकडे घेतला. हेतू चांगला होता. गरीब माणूस अमेरिकेतल्या कंपनीशी कसा भांडणार? पण त्या दिवसापासून पीडित हा आपल्याच दाव्यातला बघ्या झाला, हेही लक्षात ठेवावे.

आता कंपनीचा बचाव पाहा. वकिलीच्या अभ्यासक्रमात शिकवावा असा तो आहे.

पहिली पायरी: इथे नको, तिथे. भारत सरकारने न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. सरकारचे म्हणणे असे की, आमच्या देशातली कोर्टे इतका मोठा दावा वेळेत उरकू शकणार नाहीत. आणि कंपनीचे म्हणणे काय? तर भारतीय न्यायव्यवस्था उत्तम आहे, समर्थ आहे! कंपनीच्या बाजूने प्रतिज्ञापत्र देणाऱ्यांत मुंबईचे नानी पालखीवाला होते. आपले सरकार आपल्या कोर्टांची उणी काढते आहे आणि परदेशी कंपनी त्यांचे गोडवे गाते आहे, असा प्रसंग इतिहासात क्वचितच आला असेल. न्यायाधीश कीनन यांनी मे १९८६ मध्ये कंपनीचे ऐकले आणि दावा भारतात पाठवला.

दुसरी पायरी: मी नव्हे, माझी उपकंपनी. भोपाळला आल्यावर कंपनी म्हणू लागली की कारखाना चालवत होती भारतीय कंपनी, आम्ही फक्त भागधारक. डिसेंबर १९८७ मध्ये भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी ३५० कोटी रुपये अंतरिम मदत द्यायचा हुकूम केला. एप्रिल १९८८ मध्ये हायकोर्टाने तो आकडा २५० कोटींवर आणला. कंपनीने तेही दिले नाहीत, ती सुप्रीम कोर्टात गेली.

तिसरी पायरी: हा अपघात नव्हे, घातपात. चिडलेल्या एका कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले, असा सिद्धांत कंपनीने मांडला. शीतयंत्रणा बंद होती, वायू शोषून घेणारी व जाळून टाकणारी यंत्रे त्या रात्री निकामी होती, याचे उत्तर त्या सिद्धांतात नव्हते. पण बचावाला पूर्ण उत्तर लागतच नाही. शंका पुरते.

चौथी पायरी: झाले ते झाले, तडजोड अंतिम. फेब्रुवारी १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टात ४७ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ७१५ कोटी रुपयांवर तडजोड झाली. सरकारने मूळ दावा केला होता ३३० कोटी डॉलरचा. तडजोडीची बातमी येताच न्यूयॉर्कच्या बाजारात कंपनीचा शेअर वधारला. शेअरबाजार भावनाशून्य असतो, पण हिशेबात सहसा चुकत नाही.

पाचवी पायरी: आम्ही ते नव्हेच. १९९४ साली कार्बाइडने भारतातले शेअर विकले. २००१ साली कार्बाइड स्वतःच डाऊ केमिकलच्या पोटात गेली, आणि डाऊ म्हणाली, त्या रात्री आमचा काय संबंध? कारखान्याभोवतालच्या वस्त्यांचे पाणी नासले म्हणून रहिवाशांनी पुन्हा न्यूयॉर्क गाठले. तिथेही शेवटी २०१६ मध्ये अपील फेटाळले गेले. कारण तेच. कारखान्याची जबाबदारी अमेरिकेतल्या मूळ कंपनीवर येत नाही.

या वकिलांना शिव्या देण्यात अर्थ नाही. अशिलाची बाजू लढवणे हे वकिलाचे कामच आहे. २०२३ च्या निकालाच्या सुनावणीत कंपनीची बाजू हरीश साळवे यांनी मांडली. ते आपल्या नागपूरचे म्हणून त्यांनी ती मांडू नये, असे म्हणणे बालिशपणाचे होईल. प्रश्न निराळा आहे. समोरचा वकील इतका तयारीचा असताना, ज्याने कायदा करून पीडितांचे पालकत्व घेतले त्या आपल्या सरकारने आपला कागद किती तयार ठेवला होता?

हिशेब बघा. तडजोडीच्या वेळी गृहीत धरले होते सुमारे ३,००० मृत आणि सुमारे १ लाख २ हजार जखमी. ७१५ कोटींना १ लाख ५ हजारांनी भागले तर माणशी ६८ हजार रुपये येतात. प्रत्यक्षात ज्यांचे दावे मंजूर झाले त्यांची संख्या निघाली सुमारे ५ लाख ७४ हजार. तीच रक्कम, भागणारा आकडा साडेपाच पट. आता भागाकार करा, माणशी साडेबारा हजारही भरत नाहीत. जो आकडा आधी मोजायचा तो नंतर मोजला, एवढीच ही चूक. बँकेत एखाद्याने कर्जदारांची संख्या न मोजता तरतूद केली असती तर त्याची वेतनवाढ थांबली असती.

पुढे पीडितांना जे काही वाढीव मिळाले, ते कंपनीच्या उदारपणाने नव्हे. वाटप रखडले, पैसे पडून राहिले, त्यावर व्याज चढले आणि रुपया डॉलरपुढे घसरत गेला. २००४ साली १,५०३ कोटी रुपये शिल्लक निघाले आणि सुप्रीम कोर्टाने ते त्याच दावेदारांत प्रमाणात वाटायला सांगितले. म्हणजे सरकारी दिरंगाई आणि रुपयाची घसरण या दोन गोष्टींनी पीडितांची भरपाई वाढवली. असा चमत्कार आपल्याच देशात घडू शकतो.

आमच्या घरात या साऱ्याचा एक छोटा दप्तरखाना आहे. आमची आत्या भोपाळला, रेल्वे स्टेशनच्या मागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत असे. आतोबा रेल्वेत पार्सल क्लार्क होते. त्या रात्री ते ड्युटीवर होते. वाचले, पण पुढची अठरा वर्षे खोकत राहिले. २००३ साली आम्ही बँकेत लागलो तेव्हा आत्याने पहिल्यांदा तिचे पासबुक आमच्यापुढे टाकले आणि म्हणाली, "बाळ, तू आता बँकेतला. हे नीट वाचून सांग मला." आधी दर महिन्याला २०० रुपयांची अंतरिम मदत. मग नुकसानभरपाईचे २५,०००, त्यातून आधी दिलेली मदत वजा. पुढे ते १,५०३ कोटी वाटले गेले तेव्हा आणखी २५,०००. तोवर आतोबा जाऊन दोन-तीन वर्षे झाली होती. आम्ही सगळ्या नोंदींची बेरीज करून दिली. ती ऐकून ती गप्प बसली. नंतर म्हणाली, "आणि सुमीचं काय?"

सुमी म्हणजे तिची धाकटी. (नाव बदलले आहे.) १९८४ साली ती चार वर्षांची होती. त्या रात्री तिचे डोळे चुरचुरले, दोन दिवसांत बरे झाले. तिचा फॉर्म कोणी भरलाच नाही, कारण तिला काही झालेले दिसत नव्हते. कॉलेजात गेल्यावर, १९९७ च्या सुमारास, तिला जिना चढताना दम लागू लागला. आज तिला इनहेलरशिवाय बाहेर पडता येत नाही. हे त्या रात्रीमुळेच झाले असे आम्ही म्हणत नाही, तिचे डॉक्टरही म्हणत नाहीत. धूळ, दमट खोली, आनुवंशिकता, काहीही असू शकते. पण हा प्रश्न कोणीतरी तपासायचा होता. आणि कोणी तपासायचा, कोणाच्या पैशाने उपचार करायचे, हे सुप्रीम कोर्टाने १९९१ सालीच सांगून ठेवले होते. हे आम्हांला २०२३ साली कळले.

३ ऑक्टोबर १९९१ चा तो निकाल. तडजोडीविरुद्धच्या फेरविचार अर्जांवर कोर्टाने तडजोड कायम ठेवली, मात्र फौजदारी खटले पुन्हा उघडले. (त्या खटल्यांचा शेवट जून २०१० मध्ये दोन वर्षांच्या शिक्षेने आणि त्याच दिवशीच्या जामिनाने झाला, तो विषय वेगळा.) कोर्टाने तीन गोष्टी सांगितल्या. पैसे कमी पडले तर ती तूट केंद्र सरकारने भरून काढावी. कंपनीच्या खर्चाने भोपाळला इस्पितळ उभे राहावे. आणि तिसरी गोष्ट अशी: ज्यांना वायू लागला पण अजून लक्षणे नाहीत, म्हणून ज्यांनी दावा केलेला नाही, आणि ज्या मुलांचा जन्म पुढे व्हायचा आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन किंवा आयुर्विमा महामंडळाकडून सामूहिक वैद्यकीय विमा उतरवावा. किमान एक लाख माणसे त्यात असावीत. मुदत आठ वर्षे. माणशी रकमेची वरची मर्यादा नाही. हप्ता तडजोडीच्या पैशातूनच भरायचा, म्हणजे सरकारच्या तिजोरीला झळही नाही.

किती शहाणपणाची तरतूद! विषबाधेचा हाच तर पेच आहे. रस्त्यावर गाडीने उडवले तर हाड त्याच दिवशी मोडते. विष मात्र दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, कधी पुढच्या पिढीत दिसते. तोवर दाव्याची मुदत संपलेली असते, कंपनी विकली गेलेली असते, कागद हरवलेले असतात. न्यायाधीशांनी हे ओळखले आणि त्यावर विम्याचा उपाय सांगितला. आमची सुमी या वर्णनात अक्षरशः बसत होती. वायू लागला होता, लक्षणे नव्हती, दावा केलेला नव्हता, आणि लक्षणे आली ती आठ वर्षांच्या मुदतीत.

पॉलिसी काढलीच गेली नाही.

२०१० साली केंद्र सरकारने सुप्रीम कोर्टात नवा अर्ज केला की तडजोडीचा पैसा अपुरा होता, कंपनीकडून आणखी सात हजार कोटींहून जास्त मिळवून द्यावेत. न्या. संजय किशन कौल यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने १४ मार्च २०२३ रोजी तो फेटाळला. फेटाळताना त्यांनी विचारले की १९९१ साली विमा उतरवायला सांगितले होते, त्याचे काय झाले? उत्तर मिळाले ते ऐकून कोर्टाने आश्चर्य व्यक्त केले आणि हा केंद्र सरकारचा घोर निष्काळजीपणा आहे, असे निकालात लिहिले. रिझर्व्ह बँकेकडे ५० कोटी रुपये अजून पडून होते. ते उरलेल्या दाव्यांसाठी वापरा, एवढे सांगून विषय संपला. जो स्वतःचा कागद करत नाही तो दुसऱ्याकडे बोट कसे दाखवणार?

वाचकहो, आमच्या शाखेत मालतारणावर कर्ज दिले की गोदामातल्या मालाचा विमा बँकेच्या नावाने हवा, असा नियम आहे. पॉलिसीची तारीख एक दिवस जरी उलटली तरी ऑडिटर लाल शाईने शेरा मारतो. "विमा नूतनीकरण झालेले नाही. जबाबदार कर्मचाऱ्याचा खुलासा घ्यावा." आणि तो कर्मचारी म्हणजे आम्ही. कापसाच्या चार गाठींसाठी आमचा खुलासा घेतात. एक लाख माणसांच्या विम्यासाठी १९९१ पासून २०२३ पर्यंत कोणाचा खुलासा घेतला? या काळात दिल्लीला सहा पंतप्रधान होऊन गेले. काँग्रेस, संयुक्त आघाडी, भाजप, सगळ्यांची पाळी आली. भोपाळलाही दोन्ही रंगांची सरकारे आली. तेव्हा या लेखाला कोणी पक्षाचा चष्मा लावू नये. ही चूक सर्वपक्षीय आहे आणि म्हणूनच तिच्यावर कोणी बोलत नाही.

कोणी म्हणेल, पॉलिसी काढली असती तर विमा कंपनीने तरी कुठे पैसे दिले असते? शंका रास्त आहे. पॉलिसी असणे ही अर्धी लढाई, तिची भाषा ही उरलेली अर्धी. अमेरिकेत घरांना लावलेल्या शिशाच्या रंगाने लहान मुलांना बाधा होते, म्हणून कॅलिफोर्नियातल्या काही काउंटी आणि शहरांनी २००० सालापासून रंग कंपन्यांवर दावा चालवला. २०१९ साली तीन कंपन्यांनी मिळून साडेतीस कोटी डॉलर देऊन तो मिटवला. त्यांतली शेर्विन-विल्यम्स आपल्या विमा कंपन्यांकडे गेली की आता तुम्ही भरा. विमा कंपन्या म्हणाल्या, पॉलिसीत नुकसानभरपाई भरून देऊ असे लिहिले आहे. तुम्ही दिलेले पैसे घरांतला रंग काढण्याच्या निधीसाठी आहेत, ती नुकसानभरपाई नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने विमा कंपन्यांचे म्हणणे मान्य केले. एका शब्दावर एवढी रक्कम अडली. १९८५ नंतर तिकडच्या विमा कंपन्यांनी आपल्या साध्या पॉलिसीतून प्रदूषणाचे नुकसान जवळजवळ साफ वगळूनच टाकले. म्हणून आम्ही म्हणतो की पॉलिसी आहे एवढ्यावर समाधान नको. ती वाचली पाहिजे.

आपल्याकडे भोपाळनंतर कायदा झाला, तो सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१. घातक पदार्थ हाताळणाऱ्या प्रत्येक मालकाने विमा उतरवलाच पाहिजे, अपघात झाल्यास चूक कोणाची हे सिद्ध न करता बाधिताला तातडीची मदत मिळावी, असा त्याचा गाभा आहे. अर्ज कलेक्टरकडे करायचा. कोर्ट नको, वकील नको. अपघात कानावर आला की कलेक्टरने स्वतः चौकशी करून लोकांकडून अर्ज मागवायचे. ही मदत घेतली म्हणून मोठ्या भरपाईचा हक्क जात नाही. कागदावर उत्तम. पण आकडे बघा. मृत्यूला २५,००० रुपये, औषधोपचाराला जास्तीत जास्त १२,५००. तीस वर्षांहून अधिक काळ हे आकडे कायद्यात तसेच होते. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने या कायद्यात दुरुस्त्या झाल्या, त्याही इतक्या उशिरा. शिवाय अर्ज घटनेपासून पाच वर्षांच्या आत करायचा. सावकाश भिनणाऱ्या विषाला ही मुदत कशी पुरणार? हप्त्याइतकीच आणखी रक्कम मालकाने पर्यावरण मदत निधीत भरायची असते. त्या निधीत शेकडो कोटी साचले आणि वाटप नाममात्र झाले, याची दखल राष्ट्रीय हरित लवादाला घ्यावी लागली. पैसा आहे, मागणारा नाही, कारण हा कायदा आहे हेच लोकांना ठाऊक नाही. आपल्या बैठकीत आम्ही विचारले तेव्हा चाळीस जणांत एकाने हात वर केला, आणि तेही निवृत्त विमा अधिकारी निघाले.

आता पीथमपूरकडे येऊ. भट्टी थंड झाली म्हणून आंदोलनही थंड झाले. आम्हांला भीती वाटते ती याच शांततेची. भोपाळलाही १९८९ नंतर अशीच शांतता झाली होती आणि त्याच शांततेत ती पॉलिसी राहून गेली. पीथमपूरला काही अपाय होणारच, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कदाचित काहीही होणार नाही. देव करो, तसेच होवो. पण विमा आपण अपघात होणार म्हणून उतरवत नाही, झालाच तर काय म्हणून उतरवतो. तेव्हा मागण्या साध्या आहेत आणि सगळ्या कागदाच्या आहेत.

पहिली: त्या प्रकल्पाची सार्वजनिक दायित्व विम्याची पॉलिसी, तिची रक्कम आणि मुदत कलेक्टर कचेरीच्या फलकावर लागावी. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या समाजातर्फे तो करण्याचा ठराव पुढच्या बैठकीत आणावा, अशी आमची सूचना आहे. दुसरी: तारपुरा आणि आसपासच्या वस्त्यांतल्या लोकांची आरोग्य नोंदवही आजच तयार व्हावी. वीस वर्षांनी कोणी आजारी पडला तर आज तो कसा होता हे सांगणारा कागद हवा. भोपाळला नेमका तोच नव्हता. तिसरी: विहिरी आणि बोअरच्या पाण्याचे तपासणी अहवाल दर तीन महिन्यांनी हिंदीत, पंचायतीच्या भिंतीवर लागावेत. राख जिथे जाईल तिथेही हीच पद्धत असावी. इंदूरला पाणी पुरवणाऱ्या यशवंत सागरापर्यंत झिरपा पोहोचेल, अशी भीती काहींनी बोलून दाखवली होती. ती खोटी असेल तर अहवालानेच खोटी ठरेल. चौथी: पाच वर्षांची मुदत सावकाश होणाऱ्या विषबाधेला लागू नसावी, अशी कायद्यात दुरुस्ती व्हावी. हे आमदार-खासदारांचे काम. मते मागायला ते गणपतीत आपल्या मांडवात येतातच, तेव्हा त्यांच्या हातात प्रसादाबरोबर हे निवेदनही द्यावे.

आणि पाचवी मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. पीथमपूरला कामाला जाणाऱ्या प्रत्येक घराने एक फाइल करावी. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एक्स-रे, रक्ताचे अहवाल, कारखान्यातल्या वैद्यकीय तपासणीची प्रत, राहत्या पत्त्याचा पुरावा, सारे तारखेप्रमाणे लावावे. औषध संपले की चिठ्ठी फेकून देण्याची आपल्याला सवय आहे, ती सोडावी. मुलांची फाइल वेगळी करावी, त्यांना काहीही झालेले दिसत नसले तरी. त्यांची तर आधी.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. १९९१ च्या त्या हुकुमाची गोष्ट आम्ही तिला २०२३ साली सांगितली. तिला राग येईल असे वाटले होते. ती म्हणाली, "म्हणजे जजसाहेबांना सुमी आठवली होती तर." मग तिने पासबुक कापडात गुंडाळून पेटीत ठेवले. त्यातल्या शेवटच्या नोंदीखाली बरीच पाने अजून कोरी आहेत.

— संपादक